चाळणीत उरलेला विदर्भ
लहान पृष्ठवंशीय प्राण्यांच्या जीवाश्मांवरून जुने पर्यावरण कितपत कळते, याचा आढावा

केळापूर म्हटले की जगदंबेचे देवस्थान आठवते आणि हल्ली टिपेश्वरचे वाघ. भूशास्त्रज्ञाला मात्र हा तालुका वेगळ्या कारणाने आठवावा, कारण तो काठावरचा आहे. सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची कड याच भागात विरळ होत जाते. पांढरकवड्याच्या पश्चिमेला लाव्हाचे थर आहेत. पूर्वेला मुकुटबन-वणीकडे वळले की त्याहून कितीतरी जुना पैनगंगेचा चुनखडक आणि कोळसा पोटात बाळगणारे गोंडवन खडक लागतात. 2021 मध्ये शेजारच्या झरी जामणी तालुक्यात शिबला-पार्डी परिसरात रस्त्याच्या कामात बेसाल्टचे कोनदार खांब उघडे पडले, तेव्हा आपल्या वावराखाली ज्वालामुखीचा इतिहास आहे हे पुष्कळांना पहिल्यांदा कळले.

लाव्हा एका दमात आला नाही. एक प्रवाह थिजायचा, त्यावर पाणी साचायचे, तळी व्हायची, झाडोरा वाढायचा आणि मग पुढचा प्रवाह येऊन सगळे झाकून टाकायचा. दोन प्रवाहांमध्ये अडकलेल्या या पातळ गाळाला ‘इंटरट्रॅपियन’ थर म्हणतात. पहिल्या लाव्हाच्याही खाली जो गाळ आहे, तो ‘लॅमेटा’ या नावाने ओळखला जातो. या दोन्ही थरांची नामांकित ठिकाणे केळापूरच्या अवतीभोवती आहेत. उत्तरेला नागपूरचे टाकळी, वणीमार्गे गेल्यास वरोऱ्याकडचे पिसदुरा आणि डोंगरगाव, पैनगंगेपलीकडे तेलंगणात आसिफाबाद आणि आणखी दक्षिणेला विकाराबादजवळचे नस्कल.

या ठिकाणांनी जे सांगितले, त्यातला मोठा वाटा डायनासोरच्या मांडीच्या हाडांचा नाही. माशांचे खवले, बेडकांची हाडे, सरड्यांचे जबडे, सापांचे मणके आणि सस्तन प्राण्यांचे मोहरीएवढे दात यांचा तो आहे. अशा बारीक अवशेषांवरून त्या काळचे पाणी, झाडे आणि हवामान कसे ठरवतात, त्यातले काय पक्के आहे आणि काय अजून वादात आहे, याची ही पाहणी. तिचे सूत्र आधीच सांगतो. या अभ्यासात ‘काय सापडले’ या प्रश्नाला जेवढी किंमत दिली गेली, तेवढी ‘ते इथे कसे आले’ या प्रश्नाला मिळाली नाही. जे निष्कर्ष टिकले ते दुसरा प्रश्न विचारूनच टिकले.

लहानच का?

मोठा प्राणी फिरतो. हत्ती एका हंगामात जिल्हा ओलांडतो, त्यामुळे त्याचे हाड एखाद्या ठिकाणी सापडले म्हणून तिथे काय उगवत होते हे कळत नाही. शेतातला उंदीर धुऱ्यापलीकडे फारसा जात नाही. बेडकाला आपले डबके सोडवत नाही. लहान प्राण्याची गरज नेमकी असते आणि वावर थोडा असतो, म्हणून त्याची साक्ष जवळची असते. दुसरे कारण संख्येचे. डायनासोरचा एक सांगाडा मिळायला नशीब लागते, पण चांगल्या थराच्या काही पोत्यांतून शेकडो दात आणि खवले मिळू शकतात. संख्या आली की प्रमाण काढता येते आणि प्रमाण आले की एका थराची दुसऱ्या थराशी तुलना करता येते.

मात्र या संख्येत एक मेख आहे. मगरीचे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात, त्यामुळे एकच मगर तळ्यात दातांचा सडा पाडून जाते. गार माशाच्या अंगावर जाड, चकचकीत, चौकोनी खवल्यांचे कवच असते. एक मासा मेला की खवले शेकड्यांनी विखुरतात. सस्तन प्राण्याला मात्र दातांचे दोनच संच मिळतात. चाळणीत गारचे 300 खवले आणि सस्तन प्राण्याचे 3 दात निघाले, तर तिथे मासे शंभरपट होते असे म्हणता येत नाही. एकूण तुकड्यांऐवजी किमान किती प्राणी असले पाहिजेत, हा हिशेब करावा लागतो. प्रसिद्ध झालेल्या कित्येक याद्यांमध्ये तो केलेलाच नसतो.

हिस्लॉपपासून चाळणीपर्यंत

या भागातल्या जीवाश्मांची पहिली नीट नोंद मद्रास सैन्यातले डॉक्टर जॉन ग्रँट माल्कमसन यांची. हैदराबाद-नागपूर वाटेवरच्या निर्मळकडच्या टेकड्यांत त्यांनी लाव्हामधले गोगलगायींचे शंख आणि सायप्रिससारखे सूक्ष्म शिंपले गोळा केले. त्यांचा निबंध 1837 मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेत वाचला गेला आणि 1840 मध्ये छापून आला. जेम्स डी कार्ल सोवर्बी यांनी त्यातल्या शंखांना नावे दिली. फायसा प्रिन्सेपी हा शंख तेव्हापासून दख्खनच्या गाळाची ओळखखूण होऊन बसला.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी 1850 च्या दशकात टाकळीचे थर धुंडाळले. फळे, बिया, भुंग्यांची पंखकवचे, माशांचे खवले असे बरेच काही त्यांच्या हाती लागले. हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयामुळे त्यांचे नाव विदर्भाच्या तोंडी राहिले आहे, पण त्यांच्या भूशास्त्रीय कामाची आठवण तितकीशी राहिलेली नाही.

पुढचे शतक मुख्यतः मोठ्या हाडांचे आणि वनस्पतींचे होते. लायडेकर यांनी 1870 च्या दशकात जबलपूर आणि पिसदुऱ्याच्या हाडांवरून टायटॅनोसॉरस या डायनासोरच्या जाती मांडल्या. वुडवर्ड यांनी 1908 मध्ये डोंगरगावच्या माशांचे वर्णन केले आणि त्यातल्या एका माशाला हिस्लॉप यांचे नाव दिले. बिरबल साहनी यांनी छिंदवाड्याकडच्या गारगोटीतली वनस्पती जगापुढे आणली. पाम वृक्षांच्या आधारे ते या थरांचे वय इओसीन, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरचे मानत.

हे चित्र पालटले ते चाळणीने. अमेरिकेत क्लॉड हिबर्ड यांनी 1940 च्या दशकात टनांनी गाळ पाण्यात धुऊन बारीक हाडे वेगळी करण्याची पद्धत रुळवली होती. आपल्याकडे चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात बिरबल साहनींचे पुतणे अशोक साहनी आणि त्यांचे विद्यार्थी 1980 च्या सुमारास ती दख्खनच्या थरांवर वापरू लागले. आर. एस. राणा यांनी नागपूरची टाकळी हाती घेतली, तर जी. व्ही. आर. प्रसाद यांनी आसिफाबाद आणि नस्कल. 1988 मध्ये प्रसाद आणि साहनी यांनी नस्कलहून भारतातला क्रेटेशियस, म्हणजे डायनासोरच्या शेवटच्या काळातला, पहिला सस्तन प्राणी ‘नेचर’मध्ये जाहीर केला. त्याचे नाव डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. टाकळीचा माणूस असा मृत्यूनंतर 125 वर्षांनी एका चिचुंद्रीएवढ्या प्राण्याच्या नावात पुन्हा आला.

या बारीक दातांनी वयाचाही वाद बदलून टाकला. आसिफाबादला इग्डाबाटिस नावाच्या पाकटाचे दात मिळाले. त्याचे भाऊबंद आफ्रिकेत नायजरमध्ये मास्ट्रिक्टियन, म्हणजे क्रेटेशियसच्या अगदी शेवटच्या टप्प्याच्या खडकांत आहेत. दख्खनचा लाव्हा डायनासोरच्या अंताच्या वेळीच आला, असे व्हिन्सेंट कूर्तियो आणि त्यांचे फ्रेंच सहकारी 1980 च्या दशकात म्हणू लागले. त्यामागे खडकांच्या चुंबकत्वाच्या मोजणीबरोबर याही दातांचा पुरावा होता. आज लाव्हाचा मुख्य काळ 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आगेमागे धरला जातो.

एका ताटलीत काय असते

पद्धत सांगायला सोपी आहे, करायला चिकट. थरातली हिरवट-करडी माती किंवा चुनखट गाळ पोत्यांत भरून आणायचा आणि कडक उन्हात खडखडीत वाळवायचा. मग रॉकेलमध्ये भिजवायचा आणि रॉकेल निथळून पाणी ओतायचे. वाळलेल्या मातीच्या पोटात शिरलेले रॉकेल पाण्याने बाहेर ढकलले जाते आणि ढेकूळ आपोआप फुटते. दगड चुनखडीचा असेल तर सौम्य अॅसेटिक आम्ल वापरतात, कारण त्यात चुना विरघळतो आणि फॉस्फेटचे हाड बऱ्यापैकी शाबूत राहते. नंतर एकाखाली एक चाळण्या लावून पाण्याने धुणे आणि वाळवणे. काही प्रयोगशाळांत जड द्रवात टाकून हलके कण वर तरंगवतात आणि हाडे तळाशी बसवतात.

उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली ताटलीत पसरतात. तांदूळ निवडावेत तसे ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण बाजूला करायचे. त्यात बहुतेक लाव्हाचे काळे कण आणि चुन्याचे खडे असतात. मधूनच एखादा तपकिरी, तेलकट चमकणारा चौकोनी तुकडा दिसतो, तो गारचा खवला. वरचा भाग काचेसारखा गुळगुळीत आणि खालचा सच्छिद्र असला म्हणजे शंका राहत नाही. पाकटाचा दात चपटा असतो, आणि त्याच्या मुळाशी कंगव्याच्या दात्यांसारख्या समांतर खाचा असतात. असे दात एकमेकांना लागून फरशीसारखे बसत आणि त्यावर शिंपले भरडले जात. डेक्कनोलेस्टिसची दाढ दोन मिलिमीटरहून लहान, तीन टोकदार उंचवट्यांची, किडे फोडायला योग्य. अर्ध्या मिलिमीटरची जाळी वापरली तर ती हाती येते आणि दोन मिलिमीटरची वापरली तर पाण्याबरोबर निघून जाते. त्यामुळे ‘इथे सस्तन प्राणी नव्हते’ हे विधान कित्येकदा थराबद्दल नसून जाळीबद्दल असते.

इथे कसे आले?

हाड सापडलेली जागा आणि प्राणी जगलेली जागा एकच असते असे नाही. मधल्या प्रवासाचा अभ्यास ही या शास्त्राचा कणा असलेली शाखा आहे. ओढ्याचे पाणी हाडांची वर्गवारी करते. हलके मणके आणि बरगड्या पुढे जातात, जड दात आणि जबडे मागे राहतात. एका थरात फक्त दात आणि खवले असले आणि त्यांच्या कडा झिजलेल्या असल्या, तर ती प्रवाहाची निवड समजावी.

दुसरा वाटेकरी म्हणजे शिकारी. घुबड उंदीर गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गुळी ओकून टाकते. त्याच्या बसण्याच्या जागेखाली वर्षानुवर्षे हाडांचा ढीग साठतो. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले पीटर अँड्र्यूज यांनी 1990 मध्ये निरनिराळ्या शिकाऱ्यांच्या पोटातून गेलेल्या हाडांवर कोणत्या खुणा राहतात याची मांडणी केली. गव्हाणी घुबडाच्या गुळीतली हाडे बरीचशी धड असतात. कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या विष्ठेतली तुटकी आणि गंजल्यासारखी दिसतात. मगरीचे जठर तर दाताचे इनॅमलही उतरवून टाकते. त्यामुळे झिजलेले इनॅमल, गोलावलेली टोके आणि तुटण्याची तऱ्हा यांवरून ढीग कोणी लावला हे ओळखता येते.

याचे पर्यावरणाशी नाते थेट आहे. शिकारी परिसराचा नमुना घेत नाही, आपल्या आवडीचे तेवढे उचलतो. पुण्याचे सतीश पांडे आणि नीलेश डहाणूकर यांनी 2011 मध्ये शृंगी घुबडाच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उंदीरवर्गीयांचे वजन मोठे होते, आणि शेतीला त्रास देणाऱ्या जाती त्यात ठळक होत्या. ही गुळी लाख वर्षांनी कोणाला सापडली तर तो म्हणेल, इथे उघडे माळरान होते. ते खोटे ठरणार नाही. पण जवळच घनदाट डोंगरउतार असला, तर त्याचा पत्ता त्या गुळीत क्वचितच लागेल.

शांत पाण्याचा पुरावा वेगळा दिसतो. मुंबईत वरळीच्या लाव्हामधल्या काळ्या शेलमध्ये इंडोबॅट्राकस या लहान बेडकाचे सांगाडे मोठ्या संख्येने मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्येच त्यांचे वर्णन केले होते. हे सांगाडे बरेचसे जुळलेले आहेत. हातपाय धडाला लागून आहेत, हाडे विखुरलेली नाहीत. प्रवाह असता तर ती सुटी झाली असती. तळाशी प्राणवायू असता तर कुजण्याने आणि किड्यांनी विस्कटली असती. म्हणजे ते निवांत, तळाशी प्राणवायू कमी असलेले पाणी होते. नस्कल किंवा टाकळीत बेडकांची हाडे सुटी मिळतात. तिथे पाणी हलत होते, किंवा हाडे आधी कोणाच्या तरी पोटातून गेली. प्राणी तोच, पण त्याच्या हाडांची अवस्था पर्यावरणाबद्दल वेगळे बोलते.

गोडे पाणी की खारे?

दख्खनच्या थरांवरचा सर्वांत रंगलेला वाद हा आहे. बहुतेक अवशेष गोड्या पाण्याचे आहेत: गार, बेडूक, कासवे, गोड्या पाण्यातले शंख आणि मुख्यतः गोड्या पाण्यात वाढणाऱ्या कारा शेवाळाची बीजे. तळी आणि संथ नाले हे चित्र सहज उभे राहते. मग पाकट कुठून आला? पिक्नोडाँट या प्रामुख्याने समुद्री गटातले मासे कसे आले? अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ किनारी सखल प्रदेश असा लावला. लाव्हाच्या पठाराच्या कडेने समुद्राचे पाणी आत येत होते आणि आजच्या मध्य भारताच्या बऱ्याच आतपर्यंत खाऱ्या पाण्याचा हात पोचला होता, असे ते चित्र.

उलट बाजूचा मुद्दा कमी वजनाचा नाही. आज गंगेत पाकट राहतात आणि दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत पाकटांचा एक अख्खा गट पूर्णपणे गोड्या पाण्यात जगतो. एखादा गट समुद्री आहे म्हणून त्यातला प्रत्येक प्राणी समुद्रातच राहिला असेल, हे गृहीतक धोक्याचे आहे. शिवाय दात कठीण असतात. जुन्या थरातून सुटून ते नव्या थरात येऊन बसू शकतात.

या वादात महत्त्वाची भर 2009 मध्ये गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय व युरोपीय सहकाऱ्यांनी घातली. छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीच्या इंटरट्रॅपियन थरात त्यांना समुद्रात तरंगणारे फोरामिनिफेरा आणि निमखाऱ्या पाण्यातले ऑस्ट्राकोड हे सूक्ष्म कवचधारी जीव मिळाले. खाली आणि वर गोड्या पाण्याचा गाळ, मध्ये खाऱ्या पाण्याची चाहूल असा क्रम त्यांनी दाखवला आणि डायनासोर संपल्यानंतर लगेच भारतात आतवर समुद्री मार्ग पोचला होता असे मांडले. इथे दाताच्या एकट्या साक्षीला स्वतंत्र साक्षीदार मिळाला, आणि हीच या वादाची शिकवण आहे. पाकटाच्या दाताने शंका उपस्थित केली, तिचा निकाल मात्र गाळाचा क्रम आणि सूक्ष्म कवचांनी पुढे नेला. झिलमिलीचे उत्तर आसिफाबादला तसेच्या तसे लागू करता येत नाही. दोन्ही थर एकाच वेळचे नाहीत.

झाडे, गवत आणि हवा

पर्यावरणाचा सर्वांत अनपेक्षित पुरावा दातांऐवजी घोट्याच्या हाडांनी दिला. प्रसाद आणि मार्क गोदिनो यांनी 1994 मध्ये नस्कलची घोट्याची इवली हाडे डेक्कनोलेस्टिसची असल्याचे दाखवले. घोटा सहज वळू शकेल अशी त्यांची रचना होती. 2010 आणि 2011 मधल्या पुढच्या अभ्यासांनी खांदा, कोपर यांसह तोच अर्थ बळकट केला, की हा प्राणी झाडावर चढणारा होता. एका प्राण्याच्या हाडाच्या आकारावरून झाडोरा होता असे म्हणता आले. याला आकार-कार्य पद्धत म्हणतात. तिचा फायदा असा की आज त्या प्राण्याचे जवळचे नातेवाईक नसले तरी ती चालते.

पिसदुऱ्याला प्राण्यांच्या विष्ठेचे जीवाश्म विपुल मिळतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी 2005 मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यातली गवताची सिलिकाकणे दाखवली आणि गवताचा उगम डायनासोरच्या काळात मागे नेला. भाताच्या गटाशी नाते सांगणाऱ्या गवताच्या खुणाही त्यात होत्या. त्याच परिसरातल्या लॅमेटा थरांवर नागपूरचे भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांनी प्रदीर्घ काम केले. डायनासोरची अंडी, मॅडट्सोइया पिसदुरेन्सिस हा 2011 मध्ये नाव मिळालेला मोठा साप, कासवे आणि मासे यांची सांगड त्यांनी गाळाच्या प्रकाराशी घातली. त्यातून दिसते ते ओल्या-कोरड्या ऋतूंचे, बरेचसे निमशुष्क हवामान, त्यात पूरमैदाने आणि उथळ तळी. ‘त्या वेळी विदर्भात घनदाट वर्षावन होते’ या लोकप्रिय चित्राला हे थर दुजोरा देत नाहीत.

मगरींच्या दातांवरून हवामान सांगण्याचा मोहही इथे आवरावा लागतो. पॉल मार्कविक यांनी 1998 मध्ये जगभराच्या नोंदींवरून दाखवले की मगरी साधारणपणे वर्षाचे सरासरी तापमान 14 अंशांच्या वर असलेल्या प्रदेशात टिकतात. आर्क्टिकमध्ये मगरीचा दात मिळाला तर ती मोठी बातमी आहे. पण विषुववृत्ताच्या दक्षिणेला उष्ण पट्ट्याजवळून उत्तरेकडे सरकणाऱ्या भारतात मगरी असणे साहजिकच होते. तिथे त्यांच्या दाताने हवामानाच्या माहितीत काहीच भर पडत नाही. एकच पुरावा एका जागी सोन्याचा आणि दुसऱ्या जागी मातीमोलाचा ठरतो.

याउलट नागपूर विद्यापीठातल्या बंदना सामंत आणि मोहबे यांचे परागकणांवरचे काम हाडांना चांगली जोड देते. लाव्हाच्या वाढत्या उद्रेकाबरोबर वनस्पतींची मांडणी बदलत गेली, असे ते काम सांगते. नस्कलचे वय नव्याने ठरवणाऱ्या आणि इंडोक्लेमेन्सिया या सस्तन प्राण्याचे वर्णन करणाऱ्या 2022 च्या निबंधातही हे दोघे आहेत. हाडे, परागकण, लाव्हाचे वय आणि गाळाचा क्रम एकाच टेबलावर ठेवले तरच चित्राला खोली येते, हे त्या निबंधाचे खरे महत्त्व.

शिवालिक आणि कर्नूलचा धडा

उपखंडातल्या दुसऱ्या दोन ठिकाणांनी या शास्त्राची पकड किती घट्ट असू शकते हे दाखवले. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावरच्या शिवालिक खडकांत उंदीरवर्गीय दातांची लाखो वर्षांची सलग साखळी आहे. लुई जेकब्स, लॉरेन्स फ्लिन यांच्यासारख्यांनी ती लावली, तर भारतीय बाजूला पंजाब विद्यापीठाच्या राजीव पटनाईक यांनी. जे क्वेड आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये प्राचीन मातीतल्या कार्बनवरून सुमारे 70 लाख वर्षांपूर्वी तिथे उन्हाळी गवताचा पसारा वाढल्याचे दाखवले होते. उंदरांच्या इनॅमलमधल्या कार्बनमध्ये त्याचा पडसाद पुढे मोजता आला. म्हणजे दाताने वनस्पती बदलल्याचे अंगात नोंदवून ठेवले होते.

आंध्रातल्या कर्नूलजवळच्या बिल्लासुरगम गुहा रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचे पुत्र हेन्री यांनी 1880 च्या दशकात खोदल्या. पॅट्रिक रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये त्याच गुहांच्या नव्या अभ्यासातून गेल्या 2 लाख वर्षांतल्या 21 सस्तन गटांपैकी एक सोडून सगळे आजही टिकून असल्याचे दाखवले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या मोठ्या विनाशाशी हे अगदी विसंगत आहे. या दोन्ही ठिकाणांचा भक्कमपणा एका गोष्टीतून आला. तिथे थर एकामागून एक मोजून घेतले आणि प्रत्येक थरातला माल वेगळा ठेवला.

केळापूरच्या कडेवर काय करायला हवे

दख्खनच्या थरांची अडचण इथेच आहे. प्रत्येक ठिकाण हे एका तळ्याचा पातळ काप आहे. नस्कल, आसिफाबाद आणि टाकळी यांच्या याद्या शेजारी मांडून ‘दख्खनचे पर्यावरण’ काढले जाते, तेव्हा आपण वेगवेगळ्या काळांतली वेगवेगळी तळी एकत्र ढवळत असतो. त्यातून सरासरी निघते, पण कुठलेच एक तळे दिसत नाही. शिवाय कुठे किती गाळ धुतला, कोणती जाळी वापरली, किती तुकडे ओळखता आले नाहीत हे छापलेले नसेल तर तुलनाच उभी राहत नाही.

पक्के काय म्हणता येते? लाव्हा येत असतानाही मधल्या शांततेत तळी भरली आणि जीवन परतले. पाणी बहुतांश गोडे होते. झाडोऱ्यात चढणारे लहान सस्तन प्राणी होते. गवत उगवलेले होते. निदान लॅमेटाच्या काळात हवामान ऋतुमानाने ओले-कोरडे होते. समुद्र आतवर किती आणि केव्हा पोचला, हे ठिकाणागणिक तपासावे लागेल. लाव्हाने या प्राण्यांचे काय केले, हा प्रश्न तर एकेका थराचे वय नेमके कळल्याशिवाय सुटणार नाही.

टाकळी आता नागपूर शहरात सामावली आहे आणि हिस्लॉपचे थर इमारतींखाली गेले आहेत. केळापूर आणि वणीच्या पट्ट्यात मात्र विहिरी खणल्या जातात, गिट्टीच्या खदानी चालतात, रस्ते रुंद होतात. काळ्या पाषाणात पांढरट किंवा हिरवट गाळाचा पट्टा दिसला की खणणाऱ्याला तो अडथळा वाटतो आणि ट्रॅक्टरने भरावात जातो. त्याची जागा, खोली आणि वरखालचे लाव्हाचे थर यांचा फोटो आणि एक गोणी माल महाविद्यालयात पोचला तर अभ्यासाला दिशा मिळेल. टिपेश्वरच्या परिसरात आजच्या घुबडांच्या गुळ्या आणि नाल्याकाठच्या गाळातली हाडे मोजून ती आजच्या अधिवासाशी ताडून पाहणे हेही तितकेच गरजेचे आहे. आज दिसणाऱ्या रानातून हाडे कोणत्या प्रमाणात चाळणीत येतात हे माहीत नसेल, तर न दिसणाऱ्या रानाबद्दलचे आपले गणित अंदाजपंचे राहील.

लहान जीवाश्म जुन्या पर्यावरणाचे चांगले साक्षीदार आहेत, पण साक्ष ऐकताना त्यांना कोणी आणले आणि कोण वगळले गेले हे विचारावे लागते. गेल्या चाळीस वर्षांत भारतीय संशोधकांनी नावांची यादी मोठी केली. आता त्याच गोण्यांमधून मोजमाप बाहेर यायला हवे.